आजीचे साठ ग्रॅम

ता. ४ मार्च

पोट कापून घेतल्यावर आठ दिवसांनी मला कळवतेस, तेही तीन ओळींत, आणि चौथ्या ओळीत विचारतेस की आजोबांचं कसं आहे. आजोबांना काय धाड भरलीय? उजवी बाजू लुळी पडून दोन वर्षं झाली, त्यात आठ दिवसांत नवीन काय व्हायचं? अगं, दाढ काढायची असली तरी माणूस घरात विचारतं. तू पोटाचा पाऊण भाग काढून टाकलास आणि मला ते पोस्टमनच्या हातून कळतंय.

चि. छटाक, आशीर्वाद. ते द्यावेच लागतात.

फोन का केला नाहीस असं म्हणणार नाही. माझ्या कानाला फोन लावला की नुसती शिट्टी वाजते. पण पत्र आधी टाकता आलं असतं. मी आले असते आणि अडवलं असतं, म्हणूनच टाकलं नाहीस. तुला मी ओळखत नाही का?

जन्मलीस तेव्हा सव्वादोन किलो भरलीस. दुकानातल्या काट्यावर मीच तुला घातलं होतं, खिळ्यांच्या पारड्यात फडकं अंथरून. मालक म्हणाले, एवढी छटाकभर पोर, जगेल का? तेव्हापासून तू छटाक. त्या छटाकचं हे एवढं कुणी केलं, ते मला माहीत आहे. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची. रडायचीस, आणि हातावर काही ठेवलं की गप्प व्हायचीस. मी दिवसाचे दहा तास काट्यावर बसून घरी यायचे, मला दुसरं काही सुचायचं नाही. तेव्हा दोष देऊन झाला. आता कामाचं बोलू.

तुझ्या नवऱ्याला तरी अक्कल हवी होती. लिफ्टा दुरुस्त करतो, कुठे किती भार चालतो ते दारावर लिहिलेलं असतं म्हणे. बायकोच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं, हे त्याला कोण सांगणार?

नक्की काय कापलं, किती शिल्लक ठेवलं आणि आता खायचं काय, ते सगळं सविस्तर लिही. तीन ओळींचं पत्र पुन्हा आलं तर परत पाठवीन.

आजी


ता. ११ मार्च

आजी, नमस्कार.

चिडणार हे माहीत होतं, म्हणून आधी ऑपरेशन केलं आणि मग लिहिलं. तू आली असतीस तर आजोबांना कुणी भरवलं असतं? ते तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत.

यांना बोलू नकोस. हे नकोच म्हणत होते. साखर तीनशेच्या खाली येईना, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायचा. एक दिवस माझं कुरिअरचं काउंटर बंद झाल्यावर मी पार्सलच्या काट्यावर उभी राहिले. त्याची सवय अशी की वजन झालं की लेबल छापून देतो. एकशे अठरा किलो. त्यावर मी ‘काळजीपूर्वक हाताळा’चा शिक्का मारला आणि घरी आणून यांना दाखवला. हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो.

आता पोट केळ्याएवढं राहिलंय. जखम बरी आहे, चालते-फिरते. त्रास वेगळाच आहे. चार चमचे गेले की गळ्यापर्यंत आल्यासारखं होतं. पाचवा चमचा परत येतो. पाणीसुद्धा घोटघोट घ्यायचं, खाण्याबरोबर नाहीच. आणि इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंनी एक कागद दिलाय, तो फ्रिजवर लावलाय. त्यावर लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलंय: दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं. दूध, दही, अंडं, मासे, डाळ, यातून घ्यायची, कमी पडतील ती पावडरीतून. गेली नाहीत तर शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं म्हणाल्या. केस जातात, ताकद जाते, पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पावडरीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. दिवसभर पुठ्ठ्यातच असते गं मी, तोच प्यायचा म्हणजे काय. काल एक पेला संपवायला अडीच तास लागले आणि शेवटी तो बेसिनमध्येच गेला. आयुष्यभर लोक मला ‘कमी खा’ म्हणत आले. आता खा म्हणतात तर जात नाही.

घन खाणं पुढच्या आठवड्यापासून थोडंथोडं सुरू होईल, मऊ करून. तोवर असंच.

तुझी छटाक


ता. १६ मार्च

छटाक, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हाताऱ्यालाही वाचून दाखवलं. तो डाव्या डोळ्याने रडला. उजव्याला ते जमत नाही.

साठ ग्रॅम, साठ ग्रॅम करून बसली आहेस. साठ ग्रॅम म्हणजे किती, हे तुला कुणी सांगायला हवं का? मी एकतीस वर्षं खिळे तोलले. तू बारा वर्षं पार्सलं तोलतेस. आपल्या घरात माणसं एकमेकांकडे बघून सांगतात की दोन किलो उतरलास. साठ ग्रॅमची भीती कसली?

सोबत पार्सल पाठवते आहे. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी मला दिलेला पितळी तराजू आहे, लाकडी डब्यातला. सुटे स्क्रू याच्यावरच द्यायचे मी. मापं पूर्ण आहेत, एकही घासलेलं नाही. पन्नासचं आणि दहाचं एका पारड्यात टाक. दुसऱ्यात उकडलेलं अंडं सोलून ठेव. पन्नासच्या आसपास भरेल. वर दही घाल, काटा मधोमध येईपर्यंत. झाले साठ. ते दिवसभरात चार वेळा मिळून खा, घोटून, बोटाने चाटून, कसंही. एक दिवस अंडं, एक दिवस मासा, एक दिवस घट्ट डाळ. यात बेसिनपाशी रडण्यासारखं काय आहे?

ती पावडर फेकून दे. भिंतीला लावायची भुकटी ती. माणसाने खायचं असतं ते दिसायला हवं आणि तोलता यायला हवं.

मला रोजचं कळवू नकोस. आठवड्याने लिही. पण साठ भरले की नाही ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल.

आजी


ता. २६ मार्च

आजी, तराजू पोचला. गंमत म्हणजे तो माझ्याच काउंटरवर आला. मी रजेवर, म्हणून माझ्या जागेवरच्या बाईने घरी आणून दिला. म्हणाली, आत काय आहे, विटा का?

साठ जमले.

आज सहावा दिवस. सकाळी यांनी अंडं उकडून, कुस्करून दिलं, मी वर दही घालत गेले आणि काटा थरथरत मधोमध आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. समोर दिसतं ना, एवढंच आहे, एवढं संपलं की सुटले. दुपारी दीडपर्यंत निम्मं जातं, संध्याकाळी उरलेलं. उलटी नाही. बाकी दिवसभर पाणी, ताक आणि भाजीचं गाळलेलं पाणी. पावडरीचा डबा वरच्या फळीवर मागे सरकवून ठेवलाय.

हे म्हणत होते, आहारवाल्या बाईंना एकदा विचारू या. मी म्हटलं, एकतीस वर्षांत आजीचा काटा कधी चुकला नाही. मग त्यांनी अंडं उकडायला ठेवलं.

दहा किलो उतरले. कपाटातला निळा ड्रेस अंगात जातो.

आजोबांना सांग, मी पण त्यांच्यासारखंच खाते आता, चमच्याने आणि तोंड वाकडं करून.

तुझी छटाक


ता. २ एप्रिल

छटाक, बघ. मोठमोठ्या इस्पितळांत शिकलेल्या बायकांना जमलं नाही ते पितळेच्या दोन पारड्यांनी जमलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालाही सांगितलं मी. तो म्हणाला, आजी, तुम्ही आता दवाखाना काढा. म्हटलं, काढते, पण तुला कंपाउंडर ठेवणार नाही, तुझा हात हलका आहे.

एक लक्षात ठेव. साठ म्हणजे साठ. बरं वाटायला लागलं म्हणून जीभ मोकाट सोडू नकोस. नवीन शिवण आहे आतमध्ये, ताणशील आणि उसवशील. साठ झाले की तोंड बंद. जुन्या सवयी तुझ्या मला ठाऊक आहेत, रॅकच्या मागे डबा लपवून खायचीस.

म्हातारा हल्ली तोंड फिरवतो. अर्धी वाटी पेज जायला तास लागतो. त्यालाही तोलून द्यावं म्हटलं, पण तराजू तर तुझ्याकडे. असू दे, तुला जास्त गरज आहे.

यापुढे लांबलचक लिहिलं नाहीस तरी चालेल. साठ एवढं लिहिलं तरी पुरे.

आजी


ता. १७ एप्रिल

आजी, नमस्कार. साठ चालू आहेत.

कामावर जायला लागले. सात आठवड्यांत एकोणीस किलो उतरले. सगळे वा वा म्हणतात.

पाय मात्र सुजल्यासारखे झालेत, चप्पल घट्ट होते. दमायला होतं थोडं. उभं राहून असेल.

तराजू रोज पुसून ठेवते. काळजी नसावी.

छटाक


ता. २३ एप्रिल

काळजी नसावी, हे कोण मला सांगतंय?

पाय भरलेत हे वाचून आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, अंगी लागायला लागलंय, खालून वर भरत येईल. आणि मग पत्र पुन्हा उजेडात धरलं.

मी तिसरीपर्यंत शिकले, पण दुकानात येणारी प्रत्येक चिठ्ठी वाचली. सुताराची, गवंड्याची, प्यायलेल्याची, हात मोडलेल्याची. कुणी चिठ्ठी घाईत लिहिली आणि कुणी बसून लिहिली ते मला कळतं. तुझं हे पत्र चार बोटांएवढं आहे आणि ते तू तीनदा थांबून लिहिलं आहेस. शाई तीन ठिकाणी बदलली आहे. ‘वा वा’ पर्यंत अक्षर सरळ आहे, ‘चप्पल’ला ओळ उतरली आहे, आणि ‘काळजी नसावी’ तर पार कागदाच्या कडेला घरंगळलं आहे. एवढ्याशा पत्राला तीनदा दम लागतो, तो कशाने?

खाणं लपवायचीस तेव्हाही तू मला असंच म्हणायचीस, काळजी करू नको आजी, भूक नाही. तेव्हा खोटं होतं. आता काय खरं आहे ते मला कळत नाही, आणि मी इथे म्हाताऱ्याच्या उशाशी वाटी घेऊन बसले आहे.

तुझ्याशी माझं बोलणं संपलं. याचं उत्तर तू द्यायचं नाहीस. जावईबापू, तुम्ही लिहायचं. लिफ्ट बंद पडली की कुठे अडकली ते सांगता ना, तसं सांगा. गोड करू नका.

आजी


ता. २ मे

तीर्थरूप आजींस नमस्कार.

मला पत्र लिहिता येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. तुम्ही गोड करू नका म्हणालात म्हणून सरळ लिहितो.

तुमचं पत्र आलं त्याच्या चार दिवस आधी, २४ तारखेला, ती काउंटरवर पडली. हातात पार्सल होतं, ते तिने सोडलं नाही, म्हणून कपाळ फरशीवर आपटलं. इस्पितळात ठेवलं आहे. रक्तातली प्रथिनं फार खाली गेली आहेत. पायांची सूज त्याचीच आहे, अंग भरलेलं नाही. शिरेतून देत आहेत. केस उशीवर पुंजक्याने येतात. डॉक्टर म्हणतात, दहा-बारा दिवस बघू. बघू म्हणजे काय ते मी विचारलं, ते म्हणाले, बघू.

आहारवाल्या बाईंनी मला विचारलं की दिवसाला काय खायची. मी म्हटलं, साठ ग्रॅम, मी स्वतः तोलून द्यायचो. त्यांनी विचारलं, कशाचे साठ? मी म्हटलं, अंडं आणि दही. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “अहो, अंडं पन्नास ग्रॅमचं असलं तरी त्यात प्रथिनं सहाच ग्रॅम असतात. बाकी पाणी असतं.” म्हणजे आम्ही तिला दिवसाला सहा-सात ग्रॅम देत होतो, आजी. महिनाभर. ताकातून थोडं गेलं असेल तेवढंच.

मी मशीनवर काम करणारा माणूस, माझ्या हे डोक्यात यायला हवं होतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

पण एक गोष्ट सांगायला हवी. घरी येऊन तराजू उचलला तर डब्यात मापांच्या खाली कुरिअरच्या लेबलांची गुंडाळी सापडली. मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या अक्षरात रोजचे आकडे आहेत. सात, नऊ, अकरा, सहा, तेरा, सात. १ एप्रिलपासून. तिला माहीत होतं. मी तिला विचारलं. म्हणाली, पावडरीचा डबा पुसताना मागे छापलेलं वाचलं, एका मापात वीस ग्रॅम प्रथिनं, आणि लक्षात आलं. मग तिने चोरून पावडर घेऊन पाहिली, पोटात राहिली नाही. वाढवून खाऊन पाहिलं, उलटी झाली. एप्रिलच्या तपासणीला जाऊन आले असं तिने मला सांगितलं, गेलीच नव्हती.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, “आजीचे साठ मला जमतात. डॉक्टरांचे नाही जमत. एक तरी जमू दे ना.”

तुम्हाला कळवू नका म्हणाली. तुमचं पत्र आलं नसतं तर कळवलं नसतं.

तुमचा नातजावई


ता. ८ मे

छटाक,

हे पत्र जावईबापूंनी तुला वाचून दाखवू नये. तुझ्या हातात द्यावं. दिवसाला दोन ओळी वाचल्यास तरी चालेल.

चूक माझी. ते एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. मला वाटलं, वजन म्हणजे वजन. खिळ्यात सगळा खिळाच असतो, अर्धं पाणी नसतं. खाण्याच्या आत आणखी वेगळं काही तोलायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पावडर फेकून दे. वर आणखी, साठ झाले की तोंड बंद. ते तोंड मीच बंद केलं.

जावईबापूंचं पत्र आलं तेव्हा दहा अंडी आणून टेबलावर मांडली. औषधवाल्याने हिशेब करून दिला, दहा अंड्यांत तुमचे साठ. त्या अंड्यांकडे बघत बसले. धडधाकट गवंड्याला जाणार नाहीत दिवसाला एवढी, आणि तुझं पोट केळ्याएवढं. म्हणून ती पावडर असते, होय ना? कमी जागेत जास्त. एवढं साधं होतं. मला विचारायला कुणी नव्हतं असं नाही, औषधवाला कोपऱ्यावरच बसतो. त्याच्याकडे गेले होते ते बढाई मारायला.

मग निघायचं ठरवलं. पिशवी भरली. शेजारणीला एक दिवस म्हाताऱ्यापाशी बसवलं, आधी करून बघावं म्हणून मी स्वयंपाकघरात लपले. सकाळची पेज तिच्या हातून घेतली नाही. दुपारची घेतली नाही. तिने गाणं म्हटलं, दटावलं, त्याने दात मिटले ते मिटले. संध्याकाळी मी वाटी घेऊन गेले तर लहान पोरासारखं तोंड उघडलं. पिशवी पुन्हा रिकामी केली.

म्हणजे तिकडे आले तर हा उपाशी मरेल, आणि इथे बसले तर तू. एक तोंड माझ्याशिवाय उघडत नाही, दुसऱ्यापर्यंत माझा हात पोचत नाही. यावर मला तोडगा सुचत नाही. आयुष्यात काहीतरी सुचायचंच, चुकीचं का होईना. आता तेही नाही.

म्हणून सांगण्यासारखं काही नाही, फक्त थोडं मागे घ्यायचं आहे. पावडर फेक म्हटलं ते मागे घेते. त्याला पुठ्ठ्याचा वास येत असेल तर नाक दाबून घे, गार करून घे, चमचाभर घे आणि तासाने दुसरा चमचा घे. त्या बाई सांगतील तसं. त्यांनी फटकारलं तर ऐकून घे, तो मार माझा आहे. साठ झाले नाहीत तर साठ झाले म्हणू नकोस. सात झाले तर सात लिही. सातावर मी रागावेन असं तुला वाटलं, म्हणून लपवलंस. रागावले असते. पण रागावून पुढे काही केलं असतं.

तराजू परत पाठवू नकोस, घरात ठेवूही नकोस. जावईबापू, तो तुमच्या हत्यारांच्या पेटीत टाका, स्क्रू तोलायला चांगला आहे. तेवढंच त्याला येतं.

तुमचं पत्र अक्षर न् अक्षर वाचलं, जावईबापू. सरळ लिहिलंत, उपकार झाले. पण पुन्हा लिहू नका. तुमच्या हाताचा कागद आला की तो उघडायच्या आत मी काय काय वाचून टाकते, ते तुम्हाला कळणार नाही. पाकिटावर पत्ता तुम्ही घाला. आतला कागद तिचा हवा. आकडा असला तरी पुरे, तिरका असला, कागदावरून घरंगळला, तीन दिवसांत तीनदा थांबून लिहिलेला असला तरी मला वाचता येतो. मी प्यायलेल्या सुतारांच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत.

उत्तर छटाकने द्यायचं. दुसऱ्या कुणी नाही.

आजी